कडी बाहेरून होती

दत्ता,

तुझ्या मुलाने माझ्याकडे तुझ्यावर लेख मागितला आहे. नितीन म्हणाला, "काका, बाबांचे सगळ्यात जुने दोस्त तुम्ही. स्मरणपुस्तिकेत पहिला लेख तुमचाच पाहिजे. कोळशाच्या भट्टीच्या दिवसांचं लिहा, लोकांना तसलं आवडतं." बोलताना तो तुझ्यासारखीच मान तिरकी करतो. मी हो म्हणालो. तुला नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही, आणि तुझ्या मुलालाही म्हणता येईना.

पण तो समजतो तसला हा लेख नाही. हे त्याला मी सांगितलं आहे. त्याने छापायचा तर अख्खा छापावा, नाहीतर तुझ्या शोकसभेत मी तो उभा राहून वाचतो, असंही सांगितलं आहे.

तुला पोचवून आलो त्या दिवशी मी रडलो नाही. दुसऱ्या दिवशी टोकावड्याच्या नाक्यावर गेलो, तर हॉटेलवाल्याने सवयीने तुझा बिनसाखरेचा चहाही माझ्यासमोर आणून ठेवला. मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो ग्लास उचलायला लागला. मी म्हटलं, असू दे. तिथे रडलो. तुझा तो पाणचट चहा मीच पिऊन टाकला आणि घरी येईपर्यंत मला तुझा असा राग आला, की आज महिना होत आला तरी उतरलेला नाही. तू झोपेत गेलास. आपला वाद अर्धा टाकून, कूस बदलल्यासारखा गेलास.

वाद त्या घराचा होता. वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, जिथे तुझ्या वडिलांची, आबांची, कोळशाची वखार होती, तिथे भट्टीवरच्या गड्यांसाठी त्यांनी बांधलेलं एक घर उरलं होतं. कारवीचा कूड, वर माती-शेणाचा गिलावा, कौलं, आणि दार मात्र जाड सागाचं. जंगलाचा ठेका आपलाच, सागाला काय तोटा? पुढे कोळसा बंद झाला, त्या घरात तू खताच्या गोणी ठेवल्यास. मग नितीनने शेजारी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, घाटात धबधबे बघायला जाणारे लोक उतरायला लागले, आणि त्यांना दाखवायला काहीतरी पाहिजे म्हणून तू ते घर दुरुस्त करून त्याचं संग्रहालय केलंस. 'कोळसा कामगाराचे घर.' बाहेर तिकिटाचं टेबल.

दोन वर्षांपूर्वी तू मला हाताला धरून ते दाखवायला नेलंस. केवढा खूश होतास. जातं मांडलेलं, सूप, कोयत्या भिंतीला टांगलेल्या, चुलीवर तुमच्या माजघरातलं पितळेचं तपेलं. सारवलेल्या जमिनीवर रांगोळीसुद्धा. मी म्हटलं, "हे तपेलं तुझ्या आईचं ना रे?" तू म्हणालास, "मग काय झालं? शोभतंय ना?" त्या घरात पितळेचं काहीही नव्हतं. तुपाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पेज शिजायची.

मग मी दार लोटून बघितलं. कडी आतून होती. नवीकोरी, चकचकीत. मी दार उघडून बाहेरची फळी बघितली. जुन्या कडीची भोकं रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेली आणि वर तेलरंग फासलेला.

"दत्ता, कडी बाहेर होती."

"कुठली कडी?"

"ह्याच दाराची. आत कडीच नव्हती."

तू हसलास. "अरे, आता पावणे येतात. त्यांना काय बाहेरनं कोंडू?"

"मग बाहेरच्या पाटीवर तसं लिही."

"तुला दुसरं काय सुचत नाय का, गण्या? म्हातारा झालास. चल, भाकरी गार होतायत."

पाटी तोवर मी वाचली नव्हती. निघताना वाचली. 'या घरात कामगार कुटुंबे मालकांच्या मायेच्या छायेत सुखाने नांदत. शिमग्याच्या सणास मद्याच्या अमलाखाली भट्टीत पडून दगावलेल्या एका कामगाराच्या पत्नीस मालकांनी आधार दिला.' तुला कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की पाटीवर एखादी गोष्ट असली की लोक थांबून वाचतात. दत्ता, त्या माणसाचा उल्लेखही केला नसतास तर मी आजवर गप्प बसलो तसाच बसलो असतो. पण तुला गोष्ट पाहिजे होती, आणि गोष्टीत तो प्यालेला पाहिजे होता. नाव लिहायला मात्र पाटीवर जागा पुरली नाही.

त्याचं नाव सोमा. त्याच्या बायकोचं नाव जानी, पदरात एक लहान पोर. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरचे कातकरी. तुला हे सांगायची गरज नाही. पण तुझ्या नातवंडांना कुणी सांगितलेलं नाही, म्हणून सांगतो.

आपण विशीत होतो. वखार तू बघायचास, मी मुकादम. ते काम तूच मला दिलंस, माझे वडील गेल्यावर, मी न मागता. हे विसरलो नाही. भट्टी म्हणजे लाकडाचा ढीग रचायचा, त्यावर पालापाचोळा, वर चिखलाचा जाड थर, आणि आत धुमसता विस्तव. कुठे भेग पडली की वारा आत शिरतो आणि कोळशाची राख होते. म्हणून दिवसरात्र राखण. भेग पडली की ओल्या मातीचं घमेलं घेऊन भट्टीवर चढायचं आणि ती बुजवायची. आणि चढायचं तर खाली दुसरं माणूस उभं पाहिजेच. धूर कुठून निघतोय, कुठला भाग आतून पोकळ झालाय, हे वर चढलेल्याला दिसत नाही, खालच्याला दिसतं. ते लांब बांबू पुढे करून सांगतं, इथे पाय ठेव, तिथे नको. सोमा चढायचा आणि जानी खाली असायची. भट्टीवर माणसं जोडप्याने ठेवायची ती त्यासाठीच.

शिमग्याला कातकरी आपल्या पाड्यावर जातोच. तुझ्या-माझ्या घरचं लग्न टळेल, त्यांचा शिमगा टळत नाही. सगळे गडी दोन दिवस आधीच गेले. सोमा तुला म्हणाला होता, "दादा, ही भट्टी शिमगा झाल्यावं पेटवू." तुला कल्याणच्या ट्रकची घाई. पलिता तू स्वतःच्या हाताने लावलास. आता राखणीला कोण? सोमा राहतो म्हणाला, पण तुझा विश्वास बसेना. तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "बायको आत असली की गडी पळत नाय. जानीला नि पोरीला घरात घाल आणि कडी लाव. उद्या उघडू."

मी म्हटलं का रे काही? आठवून बघ. मी म्हटलं, "जेवण?" तू म्हणालास, "आत आहे ना पेज." एवढंच बोललो आपण.

जानी दारातच उभी होती. तिला वाटलं मी काही निरोप सांगायला आलोय. मी दार ओढून घेतलं आणि कडी घातली. ती आतून ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मुकादम, तो वर चढंल तवा खाली कोन ऱ्हाईल?"

मी ऐकलं. ऐकून चालायला लागलो. तुमच्या घरी गेलो, तुझ्या आईने पुरणपोळी वाढली, आपण दोघं जेवलो.

दुपार कलली तेव्हा भट्टीला भेग पडली. सोमा एकटा चढला. पाय पोकळ जागी पडला आणि तो कंबरेपर्यंत आत गेला. त्याचं ओरडणं घरात ऐकू येत होतं. सागाचं दार हलेना तेव्हा जानीने कोयत्याने कूड फोडला, पोरीला आत ठेवून त्या भोकातून बाहेर आली आणि एकटीने त्याला ओढून काढला. आपण पोचलो तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दाराला माझी कडी तशीच होती.

तू म्हणालास, जीप चालू होत नाही, धक्का मारूनही होत नाही. धक्का मारायला मला तू बोलावलं नव्हतंस. सोमाला बैलगाडीतून नेला. तो मुरबाडच्या दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही, वाटेतच गेला.

फौजदार आला. तू सांगितलंस, शिमग्याची पिऊन चढला. फौजदाराने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "होय, प्याला होता." कातकरी म्हटल्यावर त्याला दुसरा पुरावा लागला नाही. सोमा पीत नसे असं मी म्हणत नाही, त्याला आता देव करायचा नाही. पण भट्टी पेटलेली असली की तो थेंब घेत नसे, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. कडीबद्दल कुणी विचारलंच नाही. कुडाचं भोक मीच कारवी लावून, माती थापून बुजवलं. तुझा 'आधार' म्हणजे तांदळाची एक गोण. जानी ती उंबऱ्यावर टाकून पोरीला घेऊन चालत डोळखांबला गेली. गोण मी परत वखारीत ठेवली.

आणि त्याच पावसाळ्यात मला फुरसं चावलं. तू मला उचलून जीपमध्ये टाकलंस आणि सेल्फ मारलास. दत्ता, ती जीप पहिल्या सेल्फला चालू झाली. एका हाताने गाडी हाकत, दुसऱ्या हाताने माझ्या गालावर चापट्या मारत, "झोपू नको गण्या, झोपलास तर मारीन" असं ओरडत तू मला मुरबाडला नेलंस. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर हा गेला होता. तुझ्यामुळे मी जगलो, माझी मुलं झाली, नातवंडं झाली. ह्यासाठी मी तुझा ऋणी आहे आणि ह्याचसाठी तुला माफ करत नाही. तू मला आयुष्य दिलंस आणि त्यात माझं तोंड बंद करून ठेवलंस. ती गाडी सोमासाठी का चालू झाली नाही, हे मी तुला एकदाही विचारू शकलो नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? त्याच गाडीतून मी परत आलो होतो.

संग्रहालय झाल्यावर मात्र मी तुला सोडलं नाही. येईन तेव्हा कडीचा विषय. तू चिडायचास, हसण्यावारी न्यायचास, मी आलो की झोपेचं सोंग घ्यायचास. शेवटचा आलो तेव्हा तू अंथरुणावर होतास. मी म्हटलं, "पाटी तरी बदल." तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालास, "मी मेल्यावर कर काय करायचं ते." मी आधी जाईन असा तुझा हिशेब होता. तुझ्यापेक्षा जरा थोराड दिसतो ना मी. चुकलास.

तुझं बारावं झालं आणि मी डोळखांबची एसटी धरली. जानी आहे. पाठीत वाकली आहे, पण आहे. अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला ओळखायला तिला जरासुद्धा वेळ लागला नाही.

"या, मुकादम. मोहाची फुलं हायत. माज्या दादल्यानं त्या दिवशी थेंब घेतला नव्हता. मेल्यावं तुमीच पाजलीत."

मी खाली बसलो. सांगितलं, दत्ता गेला.

"मेला का? बरं." ती फुलं पसरत राहिली. मग म्हणाली, "लय तरास झाला का मरताना?"

"नाही. झोपेत गेला."

"मंग काय उपेग?"

तुझ्या मरणावर इतकं खरं दुसरं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. मी तिला घराचं सांगितलं, पाटीचं सांगितलं. लोक तिकीट काढून ते घर बघतात, हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

"माजं घर बगाया तिकीट? मंग मला पन काडावं लागंल का?"

त्याच आठवड्यात तिला गाडी करून आणली. नितीनला आधी सांगितलं नव्हतं. तुझी बाजू घेऊन लिहायचं तर हेही लिहितो, की मुलगा तू चांगला वाढवलास. त्याने खुर्ची आणली, पाणी आणलं, कोण आहेत हेही न विचारता आजी म्हणाला. मी ओळख करून दिली तेव्हा तो खरंच खूश झाला. "म्हणजे आजी ह्याच घरात राहिल्यात? अरे वा! काका, ह्यांचा फोटो घेऊ."

जानी आत गेली. तपेल्याला बोट लावून म्हणाली, "हे कोनाचं?" कोपऱ्यात वाकली आणि गुळगुळीत गिलाव्यावर खाली, गुडघ्याच्या उंचीला, तळवा टेकवून म्हणाली, "हितनं." नितीनला काही कळेना. मग ती दाराशी आली. आतली कडी बघितली. ती सरकवली, काढली, पुन्हा सरकवली.

"मुकादम, कडी आतनं व्हती, तर मंग मी भिताड कशापायी फोडलं?"

नितीन माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला सगळं सांगितलं, आता इथे लिहिलं तसंच, तिच्यासमोर. माझी पुरणपोळीसुद्धा. तो मधेच म्हणाला, "काका, बाबांना जाऊन महिना नाही झाला. आत्ता कशाला हे?" मी म्हटलं, "त्याने मला हीच वेळ दिली होती."

जानीला वाचता येत नाही. ती नितीनला म्हणाली, "बाला, त्या पाटीवं काय लिवलंय ते वाच." नितीन वाचायला लागला. 'शिमग्याच्या सणास' इथपर्यंत आला आणि थांबला. "वाच की," ती म्हणाली. त्याने वाचलं. खाली मान घालून, हळू, पण वाचलं. 'मद्याच्या' हा एवढा शब्द उच्चारायला तुझ्या मुलाला जेवढा त्रास झाला, त्यातला चिमूटभर तुला झालेला बघायला मी काहीही दिलं असतं.

"आजी, तुम्हाला काय पाहिजे? सांगा, मी करतो."

"त्या पाटीवरची दारू पुस. बाकी तुमचं तुमी बगा."

त्याने पाटी तिथल्या तिथे उतरवली आणि उलटी करून भिंतीला टेकवली. नवी पाटी कशी करायची ते त्याने अजून ठरवलेलं नाही. मी त्याला मजकूर दिला आहे. त्यात सोमाचं नाव आहे, जानीचं आहे, तुझं आहे आणि माझं आहे. कोणी काय केलं तेही आहे.

बाहेर उभ्या ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या डब्यातून मी स्क्रू ड्रायव्हर काढला. नितीनने अडवलं नाही, मदतही केली नाही. आतली कडी काढली. बाहेरची लांबी खरवडली, तर जुनी भोकं जिथली तिथे. जानीने तीच कडी तिथे धरली आणि मी स्क्रू पिळले. बसवून झाल्यावर तिने ती एकदा वाजवून बघितली.

"जा आता आत."

"कोण?"

"तुमीच. दुसरं कोन हाय?"

मी गेलो. तिने दार ओढलं आणि बाहेरून कडी पडली. तो आवाज मी इतकी वर्षं बाहेरच्या बाजूने ऐकत आलो होतो, आतून तो वेगळा ऐकू येतो. आत तुझा फोटो होता. नितीनने तो तेराव्यालाच तिथे लावला होता, चंदनाचा हार घालून. बघणाऱ्यांना मालक कळावेत म्हणून. कौलांच्या फटीतून येणाऱ्या उजेडात तू हसताना दिसत होतास. आपण दोघं समोरासमोर बसलो. तुझ्याशी काहीतरी बोलावंसं वाटलं, पण आपल्यात बोलण्यासारखं जे होतं ते सगळं दाराच्या पलीकडे उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होतं.

बाहेर कुणी पर्यटक आले. बाईचा आवाज आला, "आजी, आत काय आहे बघायला?"

"दोगं हायत. येक मुकादम, येक मालक."

"पुतळे आहेत का? कधी उघडणार?"

"बगू," जानी म्हणाली. "भट्टी इजली म्हंजी."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी दार वाजवलं नाही. वाजवायचं नाही असं ठरवलंच होतं. शेवटी कडी निघाली आणि ती म्हणाली, "या भायेर. तुमाला घरी कोनी वाट बगत आसंल." ह्यात दया होती की टोमणा, ते मी विचारलं नाही. गाडीत बसताना तिला हात द्यायला पुढे झालो, तिने तो घेतला नाही. स्वतःच चढली.

संध्याकाळी नितीन म्हणाला, "काका, बाबांचा फोटो मोठ्या हॉलमध्ये हलवतो. तिथे बरा नाही वाटत आता." मलाही तुझी कणव आली, खोटं कशाला बोलू? सेल्फ मारतानाचा तुझा घामेजलेला चेहरा आठवला. क्षणभर वाटलं, हो म्हणावं.

मी नाही म्हणालो. तुला नाही म्हणायला मला जन्म गेला, तुझ्या मुलाला म्हणालो. फोटो तिथेच राहील. तिथल्या रखवालदाराला मी सगळं समजावून आलो आहे. दिवस मावळला, माणसं गेली, की तो दार ओढतो.

तू आत आहेस, दत्ता. कडी बाहेरून आहे.

तुझा,
गण्या